अमेरिकन नभोवाणीचा सुवर्णकाळ आणि त्याचे ध्वनिमुद्रित अवशेष

इतिहासाची साधने इतिहासकारासाठी म्हणून निर्माण झालेली नसतात, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. शिलाहारांचे किंवा यादवांचे ताम्रपट आपल्या हाती आले, याचे श्रेय दान घेणाऱ्याच्या स्वार्थाला द्यावे लागते. मिळालेल्या जमिनीवरील आपला हक्क शाबूत राहावा म्हणून त्याने व त्याच्या वंशजांनी तो पत्रा जपला. पेशवे दप्तर इंग्रजी अमदानीत सांभाळले गेले, तेही मुख्यतः महसूल व इनामे यांच्या चौकशीसाठी. साधन कोणी जपले आणि कशासाठी जपले, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक साधनाच्या उंबरठ्यावर उभा असतो. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न एका वेगळ्या, आणि वरवर पाहता केवळ करमणुकीच्या वाटणाऱ्या साधनाविषयी उपस्थित करावयाचा आहे. ते साधन म्हणजे अमेरिकेतील नभोवाणीच्या सुवर्णकाळातील कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे.

ही ध्वनिमुद्रणे आता हजारोंच्या संख्येने घरबसल्या ऐकता येतात, आणि ती ऐकण्यात मोठा आनंद आहे, ही गोष्ट प्रारंभीच मान्य केली पाहिजे. हेरकथा, भयकथा, विनोदी मालिका, काव्यात्म श्रुतिका असा तो विविध मेळा आहे. परंतु त्याचा आस्वाद घेता घेता ऐकणाऱ्याच्या मनात असा समज दृढ होत जातो, की त्या काळची नभोवाणी ही अशीच होती. हा समज कितपत टिकतो, ते पाहावयाचे आहे.

कालमर्यादा थोडक्यात सांगितलेली बरी. २ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्ग येथील के. डी. के. ए. या केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रक्षेपित केले. तेथून अमेरिकन नभोवाणीचा आरंभ धरण्याची प्रथा आहे. १९२६ मध्ये एन. बी. सी. आणि १९२७ मध्ये सी. बी. एस. या संस्थांनी निरनिराळ्या नगरांतील केंद्रे तारेने जोडून साखळ्या उभारल्या. त्यानंतरची सुमारे पंचवीस वर्षे हा सुवर्णकाळ होय. ३० सप्टेंबर १९६२ रोजी सी. बी. एस.वरील ‘सस्पेन्स’ व ‘युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर’ या दोन मालिका एकाच रात्री बंद झाल्या, आणि ती रात्र या कालखंडाची अखेर मानली जाते. या सर्व काळात कार्यक्रमाचा खरा धनी प्रायोजक असे. साबण, दंतमंजन किंवा सूप विकणारी कंपनी वेळ विकत घेई, तिची जाहिरातसंस्था कार्यक्रम सिद्ध करी, आणि केंद्र तो प्रक्षेपित करी. ही व्यवस्था ध्यानात ठेवल्याशिवाय पुढील विवेचनाचा उलगडा होणार नाही.

एन. बी. सी. आणि सी. बी. एस. या दोन्ही संस्थांचा दीर्घकाळ असा दंडक होता, की साखळीवरून मुद्रित कार्यक्रम प्रक्षेपित करावयाचा नाही. जे ऐकवावयाचे ते त्या क्षणी ध्वनिक्षेपकासमोर घडत असले पाहिजे. या दंडकामागे ध्वनीच्या शुद्धतेचा विचार होता, आणि त्याहून अधिक व्यापाराचा होता. कार्यक्रम तबकडीवरून ऐकविता आला असता, तर प्रत्येक केंद्राने ती तबकडी टपालाने मागविली असती, आणि मग तारांच्या साखळीची गरज ती काय उरली असती? परिणाम असा झाला की, पूर्व किनाऱ्यावरील श्रोत्यांसाठी सादर झालेला कार्यक्रम नटसंचाला तीन तासांनी पश्चिम किनाऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सादर करावा लागे. एकाच रात्री एकाच श्रुतिकेचे दोन प्रयोग होत, आणि उपलब्ध ध्वनिमुद्रण त्यांपैकी कोणत्या प्रयोगाचे, हे प्रत्येक वेळी सांगता येतेच असे नाही. हस्तलिखितांच्या पाठभेदांशी परिचित असलेल्या अभ्यासकाला ही अडचण नवी वाटू नये.

मग मुद्रणे झालीच कशी? ती प्रक्षेपणासाठी क्वचित आणि नोंदीसाठी बहुधा झाली. आपली जाहिरात ठरल्याप्रमाणे वाचली गेली की नाही, हे प्रायोजकाला पडताळून पाहावयाचे असे. कायद्याच्या दृष्टीने संस्थेला पुरावा हवा असे. एखाद्या नटाला आपले काम ऐकावयाचे असे. यासाठी सोळा इंच व्यासाची, मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या घेणारी आणि एका बाजूस सुमारे पंधरा मिनिटांचा मजकूर मावणारी तबकडी वापरीत. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर नायट्रोसेल्युलोजचा पातळ लेप दिलेला असे आणि त्यात सुई प्रत्यक्ष ध्वनीची रेघ कोरीत जाई. महायुद्धाच्या काळात ॲल्युमिनियम दुर्मीळ झाल्यावर पत्र्याऐवजी काच आली. काचेच्या किती तबकड्या फुटल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. जुन्या तबकड्यांवरील लेप कालांतराने आक्रसतो, तडकतो आणि धातूपासून सुटतो. काम झाल्यावर तबकड्या मोडीत काढण्यात कोणाला काही वावगेही वाटत नसे.

या दंडकाला अपवाद करण्याचा एक प्रसंग सर्वश्रुत आहे. ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतील लेकहर्स्ट येथे हिंडेनबर्ग हे जर्मन विमानजहाज उतरत असताना पेटले. शिकागोच्या डब्ल्यू. एल. एस. केंद्राचा वार्ताहर हर्बर्ट मॉरिसन आणि यंत्रज्ञ चार्ल्स नेल्सन हे तेथे तबकडीवर वृत्त मुद्रित करीत होते. मॉरिसनचे हेलावलेले निवेदन ऐकून, त्या क्षणी सारे राष्ट्र नभोवाणीपाशी श्वास रोधून बसले असावे, असे आपणांस वाटते. वस्तुतः ते त्या क्षणी कोणीच ऐकले नाही. तबकड्या शिकागोला नेण्यात आल्या, आणि एन. बी. सी.ने आपला नियम बाजूस ठेवून त्यांतील भाग दुसऱ्या दिवशी प्रक्षेपित केला. नंतरच्या अभ्यासकांनी असेही दाखविले आहे, की मुद्रणयंत्र किंचित मंद गतीने चालत असल्यामुळे प्रचलित प्रतींत मॉरिसनचा आवाज प्रत्यक्षापेक्षा चढा व घाईचा ऐकू येतो. ज्या स्वराला आपण भावावेग समजतो, त्यातील काही अंश यंत्राचा आहे!

आता आस्वादाकडे वळू. नभोवाणीवरील विनोदाचे मर्म ज्यांना जाणून घ्यावयाचे असेल, त्यांनी जॅक बेनीचा कार्यक्रम ऐकावा. बेनी १९३२ पासून १९५५ पर्यंत नभोवाणीवर होता, आणि या दोन तपांत त्याने स्वतःभोवती एका कवडीचुंबक, आढ्यताखोर गृहस्थाचे सोंग चिकाटीने उभे केले. २८ मार्च १९४८ च्या प्रयोगात एक चोर त्याला पैसा की प्राण असा पेच घालतो, आणि बेनी उत्तरच देत नाही. नभोवाणीवर शांतता हा वास्तविक अपघात समजला जातो. येथे मात्र त्या शांततेतच हशा पिकू लागतो. कारण श्रोत्यांना त्या शांततेचा अर्थ वर्षानुवर्षांच्या परिचयाने ठाऊक असतो. जिम व मॅरियन जॉर्डन या दांपत्याच्या ‘फिबर मॅगी अँड मॉली’ या मालिकेत ५ मार्च १९४० पासून एक कपाट अवतरले. ते उघडताच आतील अडगळ कोसळत खाली येई, आणि सगळे संपले असे वाटत असतानाच शेवटी एक लहानशी घंटी किणकिणे. कपाट कोणीच पाहिलेले नव्हते. प्रत्येक घरातील श्रोत्याने ते आपल्या घरातील अडगळीने भरले. मात्र हे कपाट दर आठवड्याला उघडत नसे. मॅगीचा हात त्याच्याकडे कधी जातो याची वाट पाहण्यात गंमतीचा मोठा वाटा होता. एका बैठकीत दहा प्रयोग ऐकणाऱ्याला हशा मिळतो, पण ती प्रतीक्षा मिळत नाही. हा कार्यक्रम आठवड्याच्या घटिकायंत्रावर बसविलेला होता, आणि ते घटिकायंत्र कोणत्याही तबकडीवर उतरलेले नाही.

येथवर जे सांगितले ते आस्वादाच्या मर्यादेविषयी झाले. अवशेषांच्या अपुरेपणामुळे ऐतिहासिक निर्णयच कसा डळमळतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘एमॉस अँड अँडी’ हे होय. फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल या दोन गोऱ्या नटांनी शिकागोच्या डब्ल्यू. एम. ए. क्यू. केंद्रावरून १९ मार्च १९२८ रोजी ही मालिका सुरू केली, आणि ऑगस्ट १९२९ मध्ये ती एन. बी. सी.वर आली. दक्षिणेतून उत्तरेच्या शहरात पोट भरण्यास आलेल्या दोन कृष्णवर्णीय मित्रांची ही कथा. रोज रात्री पंधरा मिनिटे ती पुढे सरके. आरंभीची कित्येक वर्षे जवळजवळ सर्व पात्रांचे आवाज हे दोघेच काढीत. तिची लोकप्रियता इतकी होती, की चित्रपटगृहांचे चालक त्या वेळेपुरता चित्रपट थांबवून प्रेक्षकांना ती मालिका ऐकवीत. १९४३ पर्यंत तिचे चार हजारांहून अधिक भाग प्रक्षेपित झाले. त्यांपैकी ध्वनिमुद्रित स्वरूपात उरले आहेत ते अगदी मोजके.

१९४३ च्या शरद ऋतूत मालिकेचे स्वरूप पालटले. ती आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासाची, प्रत्यक्ष प्रेक्षकांच्या हशासह सादर होणारी विनोदी मालिका झाली. एमॉस मागे पडला. लबाड किंगफिश आणि त्याच्या जाळ्यात सापडणारा अँडी यांचेच राज्य सुरू झाले. या दुसऱ्या पर्वाची ध्वनिमुद्रणे विपुल आहेत. साहजिकच आजचा श्रोता ‘एमॉस अँड अँडी’ म्हणून जे ऐकतो ते हे दुसरे पर्व होय, आणि मालिकेविषयीचे बरेचसे बरेवाईट मत याच पर्वावर बेतलेले आहे. पहिल्या पर्वाच्या संहिता मात्र मोठ्या प्रमाणावर टिकून आहेत. त्या वाचणाऱ्या अभ्यासकांना तेथे निराळीच रचना आढळली: महिनोन्‌महिने चालणारी कथा, धंद्यातील ओढाताण, कर्ज, प्रेमप्रकरणे, विवाह, विनोद आहे, पण कथेच्या पोटात शिरलेला.

यावरून मालिकेला निर्दोष ठरविण्याचा मोह होणे शक्य आहे, आणि काहींना तो झालाही आहे. तो आवरला पाहिजे. गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीयांची बोली वेडीवाकडी करून लोकांना हसवावे, हा प्रकार पहिल्या पर्वातही होताच. ‘पिट्सबर्ग कूरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९३१ सालीच तिच्याविरुद्ध स्वाक्षऱ्यांची मोहीम उघडली होती, म्हणजे आक्षेप नंतरच्या काळात सुचलेला नाही. पण तो आक्षेप नेमका कोणत्या शब्दांवर, कोणत्या प्रसंगावर आणि कोणत्या स्वरावर होता, हे ठरवू जाता संहिता अपुरी पडते. बोलीची थट्टा ही लिखित अक्षरात अर्धीच असते. उरलेली अर्धी उच्चारात असते, आणि तो उच्चारच हरपला आहे. आरोप करणारे आणि बचाव करणारे अशा दोघांचाही मुख्य साक्षीदार न्यायालयात हजर नाही, अशी ही स्थिती आहे.

दिवसा प्रक्षेपित होणाऱ्या कौटुंबिक मालिकांची दशा याहून फारशी निराळी नाही. साबणाच्या कंपन्यांनी पुरस्कृत केल्यामुळे त्यांना ‘सोप ऑपेरा’ असे कुचेष्टेचे नाव पडले. ‘मा पर्किन्स’ ही मालिका १९३३ पासून १९६० पर्यंत चालली, तिचे सात हजारांहून अधिक भाग झाले आणि व्हर्जिनिया पेन या अभिनेत्रीने सर्व काळ तीच भूमिका केली. घरकाम करता करता ऐकणाऱ्या स्त्रियांचा हा विशाल श्रोतृवर्ग होता. तरीही ध्वनिमुद्रणांच्या संग्रहांत या मालिकांचे प्रमाण त्यांच्या विस्ताराच्या मानाने तुटपुंजे आहे. ‘सस्पेन्स’चे नऊशेंहून अधिक प्रयोग झाले आणि त्यांतील बहुतेक उपलब्ध आहेत. या तफावतीला एक कारण असे दिसते, की पुढील काळात जुन्या तबकड्या फितींवर उतरवून एकमेकांना देणारे हौशी संग्राहक रहस्य, भय आणि विनोद यांचे भोक्ते होते. त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांच्या श्रमांविना पुष्कळ काही कायमचे नष्ट झाले असते. पण त्यांची आवड हीच आता त्या काळाची आवड म्हणून आपल्यापुढे येते, हेही तितकेच खरे.

ध्वनिमुद्रण संपूर्ण आणि निर्दोष असले म्हणजे सर्व साधले, असेही नव्हे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी सी. बी. एस.वर ऑर्सन वेल्सच्या मर्क्युरी थिएटरने सादर केलेली ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ ही श्रुतिका आज जशीच्या तशी ऐकता येते. हॉवर्ड कॉक याने लिहिलेल्या या श्रुतिकेत मंगळवासीयांचे आक्रमण वृत्तनिवेदनाच्या स्वरूपात मांडले होते, आणि ते ऐकून राष्ट्रात हाहाकार उडाला अशी आख्यायिका आहे. मुद्रण ऐकताना ही आख्यायिका सहज पटते, इतकी ती श्रुतिका प्रभावी आहे. परंतु श्रुतिकेची परिणामकारकता हा तिच्या परिणामाचा पुरावा नव्हे. त्याच वेळी एन. बी. सी.वर एडगर बर्गेनचा अतिशय लोकप्रिय कार्यक्रम चालू होता, आणि त्या रात्री दूरध्वनीने केलेल्या पाहणीत दोन टक्क्यांच्या आसपास लोकांनीच वेल्सची श्रुतिका ऐकत असल्याचे सांगितले. अर्थात दूरध्वनी नसलेली घरे अशा पाहणीबाहेर राहत, ही तिची मर्यादा होती. हॅडली कँट्रिल याने १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साठ लाख श्रोते आणि त्यांपैकी बारा लाख भयग्रस्त असा अंदाज दिला. या अंदाजाकडे व वृत्तपत्रांतील वर्णनांकडे अलीकडील संशोधक संशयाने पाहतात. जाहिरातींचे उत्पन्न नभोवाणीकडे वळत असल्याने वृत्तपत्रांना तिचा बेजबाबदारपणा वेशीवर टांगण्यात हितसंबंध होता, असे त्यांचे म्हणणे आहे. काही श्रोते घाबरले हे निश्चित. राष्ट्र घाबरले, हे सिद्ध झालेले नाही.

महायुद्धाने या साधनांत आणखी एका प्रकारची भर घातली. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या सैनिकी नभोवाणी सेवेने लोकप्रिय कार्यक्रम तबकड्यांवर उतरवून जगभरच्या अमेरिकन छावण्यांत पाठविण्यास प्रारंभ केला. तसे करताना त्यांतील जाहिराती काढून टाकण्यात येत. वापरानंतर तबकड्या नष्ट कराव्यात असा नियम असूनही पुष्कळशा टिकल्या, आणि अनेक कार्यक्रमांची जी प्रत आपणांस मिळते ती ही सैनिकी प्रत असते. ज्या दंतमंजनासाठी किंवा सूपासाठी कार्यक्रम जन्मास आला, ते मूळ कारणच तिच्यातून गळालेले असते. पुढे बिंग क्रॉस्बी या गायकाने प्रत्यक्ष प्रक्षेपणाच्या दावणीतून सुटण्यासाठी एन. बी. सी. सोडली आणि ऑक्टोबर १९४६ पासून ए. बी. सी.वर मुद्रित कार्यक्रम सुरू केला. जॅक मलिन या अभियंत्याने जर्मनीतून आणलेल्या यंत्रांवर १९४७ पासून तो चुंबकीय फितीवर मुद्रित होऊ लागला. फीत कापता येते आणि जोडता येते. एका कार्यक्रमातील हशा दुसऱ्यात जोडल्याचे मलिनने पुढे सांगितले आहे. म्हणजे १९४७ नंतरच्या मुद्रणांत आपण जो प्रसंग ऐकतो तो तसाच घडला होता, असे गृहीत धरता येत नाही. दोन्ही मोठ्या संस्थांनी आपला जुना दंडक १९४९ पर्यंत सोडून दिला.

मराठी वाचकाला या प्रकाराचे एक घरचे उदाहरण देता येईल. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, आणि १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून तेथून ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रक्षेपित होऊ लागले. ग. दि. माडगूळकरांच्या या छप्पन्न गीतांना सुधीर फडके यांनी स्वर दिले. मूळ प्रक्षेपणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे अनेक कंठ होते. पात्रागणिक आवाज बदलत होता. पुढे सुधीर फडके यांनी गावोगावच्या कार्यक्रमांतून आणि ध्वनिमुद्रिकांतून ही सर्व गीते एकट्याने गायिली, आणि बहुसंख्य लोकांच्या कानांत ‘गीतरामायण’ म्हणून वसले ते हेच एकस्वरी रूप. त्याच्या श्रेष्ठतेविषयी वाद नाही. पण १९५५ साली दर आठवड्याला घरोघरी जे ऐकले गेले, ते निराळे होते. रामकथेचा शेवट आधीच ठाऊक असलेला श्रोताही पुढल्या गीतासाठी आठवडाभर थांबत होता, हा अनुभव तर कोणत्याच ध्वनिमुद्रिकेत सापडणार नाही.

अमेरिकन साधनांकडे पुन्हा वळताना एका संग्रहाचा निर्देश केला पाहिजे. १९७८ मध्ये एन. बी. सी.ने सुमारे दीड लाख तबकड्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या स्वाधीन केल्या, हे मोठेच काम झाले. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते याहून मोलाचा, निदान इतिहासाच्या विद्यार्थ्याला अधिक शिकविणारा अवशेष म्हणजे वॉशिंग्टनच्या डब्ल्यू. जे. एस. व्ही. केंद्राने २१ सप्टेंबर १९३९ या दिवशी केलेले मुद्रण. या केंद्राने त्या दिवशी पहाटे प्रक्षेपण सुरू झाल्यापासून मध्यरात्रीनंतर एक वाजता ते संपेपर्यंत जे जे हवेत गेले ते सर्व तबकड्यांवर उतरवून घेतले. येथे कोणाच्या आवडीने निवड केलेली नाही. सकाळी आर्थर गॉडफ्रे घड्याळातील वेळ सांगत, रेकॉर्डी लावीत आणि जाहिराती वाचीत बसलेला आहे. मग दुपारपर्यंत एकामागून एक ‘द रोमान्स ऑफ हेलन ट्रेंट’, ‘अवर गॅल संडे’ यांसारख्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या मालिका लागतात. त्यांतील कथा मधूनच सुरू होते आणि मधूनच तुटते. आधीचे व नंतरचे भाग बहुधा मिळावयाचे नाहीत. युरोपात युद्ध पेटून तीन आठवडे झाले आहेत. रुमानियाच्या पंतप्रधानांचा त्याच दिवशी खून झाल्याची बातमी येते. अध्यक्ष रूझवेल्ट तटस्थतेच्या कायद्यात बदल सुचविण्यासाठी काँग्रेसपुढे भाषण करतात, आणि त्याच दुपारी वॉशिंग्टन व क्लीव्हलंड या संघांतील बेसबॉलचा सामनाही ऐकविला जातो. कित्येक तास तसे कंटाळवाणे आहेत. श्रोत्याने ते सोडून पुढे जाऊ नये. सायंकाळी सात वाजता, प्रायोजकाच्या सूपाच्या जाहिरातीसह, ‘एमॉस अँड अँडी’चा त्या रात्रीचा पंधरा मिनिटांचा भाग लागतो. हरवलेल्या हजारो भागांपैकी तो एक भाग आहे. हशासाठी कोणी प्रेक्षक तेथे बसलेले नाहीत. दोन नट एकमेकांशी हलक्या आवाजात बोलत आहेत.